हरकत असल्यास कळवावे

वासाबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. प्रकाश मोजता येतो, ध्वनी मोजता येतो, उष्णता तर हवी तितकी मोजता येते. वासाला मात्र अजून कुणी धड एकक दिलेले नाही. त्यामुळे गेल्या रविवारी भुईगावच्या वळणावर माझ्या स्कूटरचा वेग आपोआप का मंदावला, हे मला कोणत्याही परिमाणात सांगता येणार नाही. चर्च मागे पडले, दोन कुंपणांच्या मध्ये रस्ता अरुंद झाला, आणि उजव्या हाताच्या वाडीतून तो वास आला. मधासारखा, किंचित आंबूस, आणि त्याच्या तळाशी उन्हात तापलेल्या बांबूचा. सुकेळी वाळत होती.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून, हिवाळ्याच्या उन्हात मांडवावर पसरतात. दिवसभर ऊन, दव पडायच्या आत घरात, सकाळी पुन्हा मांडवावर. असे दिवसेंदिवस. फळ आकसत जाते, तांबूस होते, चिवट होते, आणि शेवटी केळीच्याच सुक्या पानात बांधले जाते. पूर्वी वाडीवाडीतून असे मांडव असत म्हणतात. आता ते शोधावे लागतात.

मी नालासोपारा पूर्वेची, आचोळ्याची. आमच्याकडे हिवाळा येतो तो धुळीच्या आणि टँकरच्या रूपाने. बाल्कनीतल्या दोरीवर कपडे वाळतात, त्याहून अधिक काही वाळवण्याइतके ऊन आमच्या वाट्याला येत नाही. समोरच्या इमारतीने ते आधीच अडवलेले असते. म्हणून एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत, स्कूटरवरून सहज पोचता येईल इतक्या अंतरावर, हिवाळा नावाचा असा वेगळा ऋतू आहे हे मला वयाच्या पंचविशीपर्यंत ठाऊक नव्हते. ते कळले तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत आशादायी होता. आणि त्याच हिवाळ्याचा मला आजही सर्वांत जास्त राग येतो.

*

मच्याडो सरांनी मला कधी शिकवले नाही. ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक, मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. आमची ओळख महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका वर्तमानपत्रावरून झाली. त्यांना अग्रलेख हवा होता, मला मागच्या पानावरचे कोडे. "पानं वेगळी करू या का?" असे मी विचारले. ते म्हणाले, "बाई, वर्तमानपत्र ही अविभाज्य वस्तू आहे. अर्थशास्त्रात अशा वस्तूवरच भांडणं होतात." मग आम्ही भांडलोच. पुढे मी एम.एस्सी. केले, मुंबईतल्या एका कंपनीत संख्याशास्त्राचे काम धरले, आणि जी गावे मी कधी पाहणार नव्हते त्यांच्याबद्दलचे तक्ते करून करून कंटाळले. सर तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या भुईगावच्या घराची माडीवरची खोली रिकामी होती. पुस्तकांना वाळवी लागत होती आणि सरांना, त्यांच्याच शब्दांत, फुरसत.

त्या खोलीत आम्ही आर्थिक संशोधन आणि सल्ल्याची संस्था काढली. कल्पना साधी होती. वसई-विरारात दररोज कुणी ना कुणी काहीतरी काढत असते: शाळा, दवाखाना, पतपेढीची शाखा, दुधाचे संकलन केंद्र. काढण्याआधी ते चालेल का, कुठे चालेल, किती चालेल, याचा शिस्तशीर अभ्यास कुणीच करत नाही. तो आम्ही करायचा.

"सल्ला विकत कोण घेतं गं?" बाबा म्हणाले. ते कोकणातून आलेले, आयुष्यभर मुंबईच्या एका कचेरीत नोकरी केलेले. फुकट मिळणाऱ्या गोष्टींची यादी त्यांना तोंडपाठ असते. "सल्ला आपल्याकडे चहाबरोबर मिळतो. चहा नसला तरी मिळतो."

"तो सल्ला नसतो, बाबा. मत असतं."

"मग लोकांना फरक कळेपर्यंत नोकरी सोडू नकोस."

मी सोडली. पत्र्याची पाटी रंगवून आणली. संस्थेला नाव काय द्यावे यावर बराच खल झाला, आणि शेवटी सर म्हणाले, "नाव कशाला? काम लिही." म्हणून निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत फक्त 'आर्थिक संशोधन व सल्ला' एवढेच आले. ती माडीच्या कठड्याला तारेने बांधली तेव्हा खालच्या अंगणातून एक आवाज आला: "सर, दाताचा डॉक्टर ठेवलात काय वरती?"

तो रेजिनाकाकींचा. सरांच्या दिवंगत भावाची पत्नी. तळमजल्यावर त्या राहत, आणि अंगणातला सुकेळीचा मांडव त्यांचा. माडीच्या खिडकीतून तो पूर्ण दिसे. केळी उलटताना त्या खाली बघत, बोलत मात्र वर.

*

सुरुवातीला आम्ही चाललो. हे मला ठामपणे लिहून ठेवायचे आहे, कारण आता आमची गोष्ट सांगणारे लोक ती शेवटापासून सांगतात.

पहिले काम एका पतपेढीचे. आचोळ्यात शाखा काढावी का? मी आणि नव्याने घेतलेल्या दोन मुली दारोदार फिरलो. दार उघडताच आम्ही काय विकायला आलो हे ताडण्याचा प्रयत्न व्हायचा. "गॅसवाल्या काय?" "नाही ओ, त्या झेंडेवाल्या असतील, मतदान आहे ना." एका इमारतीच्या तळमजल्यावर एक बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मॅडम, बचत किती करता ते काय विचारता? टँकर कधी येतो ते विचारा. ते लिहा मोठ्या अक्षरात." मी ते लिहिले. आणि त्यातूनच आमचा निष्कर्ष निघाला: इथल्या कुटुंबांची शिल्लक पाण्यात जाते आहे, तूर्त शाखा नको. पतपेढीचे व्यवस्थापक खूश झाले. त्यांना शाखा नकोच होती, संचालकांना हवी होती. त्यांनी आमचे नाव चार ठिकाणी सांगितले.

मग एका शाळेने विचारले, एका प्रसूतिगृहाने विचारले, चिंचोटीच्या बाजूला धबधब्यावर येणाऱ्या लोकांसाठी खाणावळ काढू पाहणाऱ्या दोघा भावांनी विचारले. माडीवर दुसरे टेबल आले. सर चर्चमधली सकाळची प्रार्थना, मिस्सा, आटोपून येत, चष्मा पुसत, आणि आदल्या दिवशीच्या माझ्या मसुद्यातली विशेषणे खोडत. खिडकीतून सुकेळीचा वास येई. नाताळ जवळ येत चाललेला. गल्लीत काठ्यांना कागदी तारे लटकू लागलेले. शेजारच्या अंगणात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा उभारायला आणलेल्या पेंढ्यावर कोंबड्या बसलेल्या. नाताळआधीच्या या आठवड्यांना आगमनकाळ म्हणतात, हे मला सरांनी सांगितले. वाट पाहण्याचा ऋतू. लग्ने या काळात होत नाहीत. ती नाताळ झाला की एकामागून एक लागतात. म्हणून त्यांच्या घोषणा मात्र याच रविवारी चर्चमध्ये वाचल्या जातात. अमुकचा मुलगा, तमुकची मुलगी, विवाहबद्ध होत आहेत. कोणाची हरकत असल्यास धर्मगुरूंना कळवावे. एकाच जोडप्यासाठी तीन रविवार हे वाचतात.

"आणि कुणी हरकत घेतली तर?" मी विचारले होते.

सरांनी चष्मा काढला. "माझ्या उभ्या आयुष्यात कुणी घेतलेली नाही."

"मग विचारतात कशाला?"

"विचारायचं असतं म्हणून."

मला हे हास्यास्पद वाटले. ज्या प्रश्नाला एकच उत्तर संभवते तो प्रश्न नव्हे, असे माझे शिक्षण सांगते. प्रयोगाचे उत्तर 'नाही' येण्याची शक्यता नसेल तर त्याला प्रयोग म्हणत नाहीत. सरांना मी तसे सुनावले, आणि ते नुसते हसले.

*

रेजिनाकाकींचे काम आले ते त्याच दिवसांत. गावातल्या सुकेळी करणाऱ्या बायकांचा एक गट होता, काकी त्याच्या अध्यक्ष. त्यांना यंत्र घ्यायचे होते. मोठी शेड, आत तापवलेली हवा, फिरणाऱ्या जाळ्या. ढग आले, दव पडले, कावळे बसले, कशाची पर्वा नको. बँक कर्ज द्यायला तयार होती. फक्त तज्ज्ञांचा अहवाल जोडा म्हणाली.

"तज्ज्ञ घरातच आहेत," काकी जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या. "वरती चढायचा काय तो त्रास."

आमच्या दृष्टीने ते काम केवळ शेजारधर्माचे नव्हते. जिल्ह्यातल्या सगळ्या फळप्रक्रियेचा अभ्यास करून घेण्याचा एका मोठ्या संस्थेचा विचार चालला होता. आमचा एखादा नमुना पाहून ती निर्णय घेणार होती, आणि सुकेळीचा अहवाल हाच तो नमुना ठरणार होता. ते काम मिळाले असते तर माडीवरची संस्था काही वर्षे निर्धास्त झाली असती. न मिळाले तर शाळा आणि प्रसूतिगृहांवर दोन मुलींचे पगार फार काळ निघणार नव्हते. सर हे जाणत होते, मीही.

मला त्या कामाने झपाटले. वाळणे ही भौतिकशास्त्रातली अतिशय देखणी क्रिया आहे. सुरुवातीला फळाचा पृष्ठभाग ओला असतो, तेव्हा ते किती वेगाने वाळेल हे बाहेरची हवा ठरवते: ऊन, वारा, कोरडेपणा. पृष्ठभाग सुकला की बाहेरच्या हवेची सत्ता संपते. मग आतले पाणी बाहेर यायला किती वाट काढू शकते, त्यावर सगळे अवलंबून राहते. त्या टप्प्यावर तुम्ही कितीही आच वाढवा, बाहेरचा थर कडक होईल आणि आतला ओलावा आतच राहील. यंत्राच्या बाबतीत मी हे सगळे तपासले. यंत्र उत्तम होते. त्यात खोट नव्हती.

खोट दुसरीकडे निघाली. मी वाड्यांतून फिरले. राजेळी कुठे उरली आहे हे पाहिले. ज्या वाडीत काकींच्या लहानपणी केळीशिवाय काही दिसत नसे, तिथे आता फुलझाडे होती, किंवा पाहुण्यांसाठी खोल्या, किंवा नुसती भिंत आणि भिंतीवर विक्रीचा फोन नंबर. राजेळीला वेळ लागतो, पाणी लागते, माणूस लागतो. मुले बँकांत, शाळांत, आखातात. जी राजेळी शिल्लक होती ती काकींच्या आणि आणखी थोड्या मांडवांना पुरत होती. यंत्राचे पोट भरायला तिच्या कित्येक पट लागली असती. एका वाक्यात: वाळवण्याची सोय होत होती, वाळवायला केळी नव्हती.

"बाहेरून आणू," काकी एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या.

"बाहेरची राजेळी नसते ना, काकी. तिची सुकेळी तुम्हीच हातात धरत नाही."

"मी नाय धरत. गिऱ्हाईक धरील."

आणि त्या हसल्या. आणि मग त्यांनीच मान हलवली.

*

अहवालाचा मसुदा मी सरांपुढे ठेवला. वैज्ञानिक निबंधात निष्कर्ष सर्वांत वर देतात. मी तसाच दिला होता. पहिल्या पानाची पहिली ओळ: 'हा प्रकल्प करू नये.' कारणे त्याखाली.

सरांनी ती ओळ बराच वेळ पाहिली. त्यात खोडायला विशेषण नव्हते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे सभेत वाचायचं नाही. मी रेजिनाशी बोलतो आधी. ओटीवर बसून. आज थोडं, परवा थोडं."

"सर, हा निष्कर्ष गटातल्या प्रत्येक बाईचा आहे. एकटीला आधी कळवून तो तिच्या मर्जीवर सोडायचा?"

"मृणाल, आमच्याकडे नकार बसून देतात. उभं राहून वाचून दाखवत नाहीत. मुलगी बघायला गेलात आणि नको असली, तर दारात नको म्हणता काय? बसता, चहा घेता, पेरूच्या झाडाची चौकशी करता. घरच्यांना उमगतं."

"आणि नाही उमगलं तर?"

"मग पुन्हा जाता."

याला मी पद्धत मानायला तयार नव्हते. आजही नाही. पेरूच्या झाडाची चौकशी करून निष्कर्ष कळवायचे असतील तर अहवाल लिहायचाच कशाला? दोन दिवसांनी सर म्हणाले, "वाच. संस्थेत आपण दोघं आहोत, आणि लिहिलंस तू."

रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या सभागृहात बैठक होती. मी बाहेर थांबले होते, त्यामुळे आतून ध्वनिक्षेपकावर लग्नाच्या घोषणा ऐकू आल्या. नावे, गावे, आणि ते शेवटचे वाक्य. त्यानंतरची क्षणभराची शांतता; मग खोकल्याचे, बाकांचे, चपलांचे आवाज. सगळ्या बायका रविवारच्या कपड्यांत हसत सभागृहात आल्या. एकीने सोबत केक आणला होता. फळ्याशेजारी भिंतीवर शेडचे रंगीत चित्र चिकटवलेले होते, आणि चित्रात शेडच्या दारावर फुलांचे तोरण होते. मी उभी राहिले आणि पहिली ओळ वाचली.

मी पुढचे वाचत गेले. पंख्याचा आवाज, आणि केकवरचा कागद वाऱ्याने फडफडत होता. मी तक्ते दाखवले. वाड्यांचा नकाशा दाखवला. एकाही आकड्याला कुणी आव्हान दिले नाही. मी मुद्दाम विचारले, शंका आहे का? नव्हती.

मग रेजिनाकाकी उठल्या. रागावल्या नव्हत्या, मला वाटते, त्यांना माझी थोडी कीव आली होती.

"बाय गो," त्या म्हणाल्या, "आम्ही तुला विचारायला नाय, सांगायला आलो होतो. फादरांनी जागेला आशीर्वाद देऊन झाला. तू फक्त खाली सही करायची होतीस."

सभागृहभर हसू उसळले. त्यात दुष्टपणा नव्हता. केकचा तुकडा माझ्याही हातात आला. अशा लोकांवर चिडायचे तरी कसे, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता आणि त्याचे उत्तर अजून सापडलेले नाही.

*

यानंतर जे घडले ते माझ्या वैज्ञानिक मनाला आजही बोचते. यंत्र बसले असते आणि बुडाले असते, तर मी बरोबर ठरले असते. बसून चालले असते तर मी चूक ठरले असते, आणि आमच्या गृहीतकात कुठे भोक आहे ते मी शोधले असते. दोन्ही मला चालले असते. झाले असे की बँकेच्या अटीमुळे गटाला तोच अहवाल अर्जाला जोडावा लागला, बँकेने फक्त पहिली ओळ वाचली आणि कर्ज नाकारले. शेड झाली नाही. म्हणजे माझे भाकीत खरे की खोटे हे कधीच कळणार नव्हते. जे बुडाले नाही ते दाखवता येत नाही. न झालेल्या नुकसानीपुढे उभे राहून कुणी फोटो काढत नाही.

आणि गावाला जे दिसले ते इतकेच: जागेला आशीर्वाद मिळाला होता, आणि माडीवरच्या मुलीने मोडता घातला. लग्नाची घोषणा झाली आणि कुणीतरी खरोखरच हरकत घेतली.

जिल्ह्याच्या कामाचे उत्तर आले. आमचा अभ्यास त्यांना 'अत्यंत सखोल' वाटला होता. काम मात्र त्यांनी दुसऱ्यांना दिले, ज्यांचे अहवाल, मी नंतर पाहिले, 'अपार संधी' या शब्दांनी सुरू होतात. शाळेच्या विश्वस्तांनी नव्या इमारतीचा अभ्यास आमच्याकडे द्यायचे ठरवले होते; ते एकदा येऊन गेले, चहा प्यायले, सरांच्या प्रकृतीची चौकशी केली, कुंपणावरच्या जास्वंदीचे कौतुक केले आणि परत आले नाहीत. ते गेल्यावर सर माझ्याकडे पाहत राहिले. "उमगलं?" म्हणाले.

उमगले. त्याचाच तर संताप होता.

'नकोवाली कंपनी' हे नाव आम्हाला कुणी दिले ठाऊक नाही. बाजारात एका माणसाने मला ऐकू जाईल असे म्हटले, "त्यांच्या जिन्याला पाय लागला की नारळ फुटत नाही." माझे म्हणणे असे होते की आम्ही प्रत्येक वेळी नको म्हणत नव्हतो. प्रसूतिगृहाला हो म्हटले होते, ते आज उत्तम चालते. पण त्याचे श्रेय डॉक्टरबाईंच्या हातगुणाला गेले. नियम साधा आहे आणि मी तो कुठल्याही परिषदेत मांडायला तयार आहे: सल्ला 'हो' असेल तर तो लोकांना आधीच ठाऊक असतो, आणि 'नको' असेल तर तो अपशकुन असतो. या दोहोंच्या मध्ये सल्लागाराला उभे राहायला जागा उरत नाही.

त्या हिवाळ्यानंतर आम्ही आणखी काही काळ टिकलो. पहिल्या टप्प्यात बाहेरच्या हवेने आम्हाला वर नेले होते. आता आतला ओलावा बाहेर यायला वाट राहिली नव्हती. मुलींना दुसरीकडे नोकऱ्या मिळाल्या. त्या जाताना रडल्या, मी त्यांना शिफारसपत्रे लिहिली. दुसरे टेबल कमी झाले. एका दुपारी सर म्हणाले, "बस, मृणाल." मी बसले. मग ते वाळवीबद्दल बोलले, छपराच्या कौलांबद्दल बोलले, माझ्या बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केली. कौलांच्या मध्येच कुठेतरी मला समजले की संस्था बंद होते आहे.

बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. चहा मात्र स्वतः करून आणून दिला.

*

आता मी मुंबईतल्या एका कंपनीत आहे. लोक पुढच्या आठवड्यात काय मागवतील याचे आम्ही अंदाज बांधतो. अंदाज चुकला तर सोमवारी कळते, मंगळवारी सुधारतो. कुणाच्या जागेला आशीर्वाद मिळालेला नसतो. बुद्धीला हे काम सुखाचे आहे. तरीही हिवाळा लागला की मला खिडकीशी बसवत नाही, कारण त्या खिडकीतून येण्यासारखे काहीच नसते. मी हरले हे मला मान्य आहे. तपासल्यावाचून हरले, हे मान्य नाही.

म्हणून गेल्या रविवारी मी भुईगावला गेले ती नुसती भेटायला नव्हे. पिशवीत योजना होती. संस्था पुन्हा काढायची, या वेळी आचोळ्यात. गृहनिर्माण सोसायट्यांसाठी. टँकर घेत राहायचे, की छतावरचे पाणी साठवायचे, की वापरलेले पाणी शुद्ध करायचे, याचा प्रत्येक इमारतीला हिशेबशुद्ध सल्ला. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या त्या बाईंचा प्रश्न इतकी वर्षे माझ्याकडे पडून होता. नोकरीचा राजीनामाही मी मनात लिहून ठेवला होता. पाटी तीच लावायची होती. ती सरांकडे असेल, असा माझा समज.

सर ओटीवर होते. वाळले आहेत आता. हातांच्या शिरा वर आल्या आहेत. त्यांनी योजना शेवटपर्यंत वाचली, एक विशेषण खोडले, कागद नीट जुळवले.

"बस आधी, मृणाल."

मी उभी राहिले.

"बस गं. चहा येतोय. बाबांचे गुडघे कसे आहेत?"

"सर, सरळ सांगा."

त्यांनी निःश्वास टाकला. "करू नये," ते म्हणाले. मग कारणे. सोसायटीचा सचिव दर वर्षी बदलतो, आणि नवा सचिव जुन्याने विचारलेले काहीही मानत नाही. टँकरवाल्याशी करार आधी होतो, सल्ला मग आठवतो. तळमजल्याला पाणी मिळते म्हणून त्याला बदल नको, आणि वरच्या मजल्याचे संख्याबळ कमी. एकेक कारण चोख होते. शंका विचारावी असे एकही नव्हते. मी तोंड उघडले ते प्रतिवाद करायला, आणि बाहेर पडले ते निराळेच.

"सर, मी तुम्हाला विचारायला नाही आले. सांगायला आले."

मांडवावरून कावळे हाकलल्याचा आवाज आला. मग सर हसू लागले. खोकला येईपर्यंत हसले. मला मुळीच हसू येत नव्हते.

"नाय म्हणाले ना?" मांडवापासून रेजिनाकाकी ओरडल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. त्या सगळेच ऐकतात. "मग करशील तू. मला ठाऊक. ये इकडे, चव बघ."

मी अंगणात उतरले. मांडव आता लहान झाला आहे, पूर्वीच्या निम्मा. शेवटच्या कोपऱ्यात बांबू मोडला होता, आणि तिथे बांबूऐवजी आडवा पत्रा टाकलेला होता. त्यावर ओळीने केळी. केळ्यांच्या फटींतून निळा रंग दिसला, आणि पांढऱ्या अक्षरांचे काही अवयव.

"काकी, ही आमची पाटी."

"मग? कठड्यावर गंजत होती. पत्रा तापतो बघ कसा. यावरची इतरांच्या आधी होतात." त्यांनी एक केळे उचलून उलटे ठेवले. "तुमच्या कंपनीचा गावाला एवढाच उपयोग झाला."

"मला ती हवी आहे. आजच."

"आज कशी मिळेल? कालच घातलीत वरती."

"दुसरीकडे हलवू ना. मी हलवते."

"अर्धवट उचलली तर चिकटतात, बाय. वाळू देत." आणि मग, माझ्याकडे न बघता, वरच्या रिकाम्या कठड्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ये. पुसून ठेवते. आणि येशील तेव्हा तुझे ते टँकरचे कागद आण. माझी भाची राहते आचोळ्याला, तिच्या बिल्डिंगीत भांडणं चाललीत पाण्यावरून. त्यांचं अजून काय ठरलेलं नाय."

मी पुन्हा विचारले. "काहीच ठरलेलं नाही? करार? आशीर्वाद?"

"काय नाय. नुसती भांडतात."

ओटीवर चहा आला होता. सरांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. पत्र्याला मी बोट लावून पाहिले. तो चटका बसण्याइतका तापलेला होता, आणि त्यावरचे केळे अजून आत ओले होते. मी जाऊन बसले.